अनोळखी नोंदींचें वाचन



लातूरच्या आडत बाजारांत पोतें आलें कीं जाणता आडत्या आधीं मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. तूर कीं सोयाबीन हें ठरल्यावांचून तें थप्पीला लावीत नाहीं. संगणकाकडून अनोळखी नोंदी वाचून घेतांना हाच विवेक पाळावा लागतो.

आज पुष्कळशा नोंदी जेसन नांवाच्या लेखनपद्धतीनें एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. डग्लस क्रॉकफर्ड यांनीं ती २००१ च्या सुमारास पुढें आणली. तींत मूल्यांचे प्रकार सहाच: संख्या, मजकूर, होय-नाहीं, यादी, नांवनिशीवार संच आणि ‘कांहीं नाहीं’ ही रिक्त खूण. मात्र कोणत्या जागीं कोणता प्रकार यावा, याचें बंधन ती घालीत नाहीं. उलट गो किंवा रस्ट यांसारख्या भाषांत प्रत्येक जागेचा प्रकार प्रोग्रॅम चालण्यापूर्वींच ठरवावा लागतो. अडचण येथेंच उद्भवते.

समजा, नांदेडच्या १६ व लातूरच्या १० तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी आपल्या हातीं आल्या. एका तालुक्यापुढें १२ ही संख्या आहे, दुसऱ्यापुढें अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिलेले “१२”, तिसऱ्यापुढें रिक्त खूण, आणि चवथ्याचा रकानाच गाळलेला. गो भाषेंत संख्येचा साधा सांचा करून ठेवला, तर अवतरणांतील बारा चूक म्हणून उघडकीस येतात, तें बरेंच. परंतु रिक्त व गाळलेल्या जागीं निमूटपणें शून्य राहतें. पाऊस मोजला नाहीं आणि पाऊस पडला नाहीं, या दोन गोष्टी एकच होऊन बसतात! ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें हा फरक किती मोलाचा, हें सांगावयास नको.

उपाय साधा आहे. अनोळखी मजकूर प्रथम सर्वसमावेशक सांच्यांत उतरवावा. रस्टच्या सर्डे-जेसन या साधनसंचांत त्यास ‘व्हॅल्यू’ म्हणतात, आणि त्याच्या सहा शाखा वरील सहा प्रकारांशीं जुळतात. मग एकेक शाखा तपासावी, आणि खात्री पटल्यावरच मूल्य पक्क्या सांच्यांत घालावें. जेथें नोंद नसण्याचा संभव आहे, तेथें ‘आहे’ व ‘नाहीं’ हीं दोन्ही उत्तरें सामावणारा प्रकार योजावा.

कडक शिस्तीची भाषा अडविते म्हणून तिच्यावर रागावूं नये. तिला “ठाऊक नाहीं” असें सांगण्याची सोय आपण ठेवावी. खोट्या शून्यापेक्षां तें उत्तर पुष्कळ प्रामाणिक आहे.