कूलरच्या मागे एकदा जाऊन पाहा

(बार्शीटाकळी येथील गटांच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी बचतीवर बोलणार आहे, पण पासबुकातल्या नाही. विजेच्या बिलातल्या. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिवाच्या.

मागच्या मे महिन्यात माझ्या लेकीनं कूलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली. कूलर सुरूच होता. पत्र्याला हात लागला आणि पोरगी मागं फेकली गेली. नशीब, पायात रबरी चप्पल होती. थरथरत म्हणे, "माय, कूलर चावला मले." त्या दिवशी मी पहिल्यांदा कूलरच्या मागे जाऊन पाहिलं. सहा वर्षं त्याच्या पुढे बसून हवा खाल्ली, मागे कधी डोकावलेच नव्हते.

मागे काय दिसलं? पिनमधली हिरवी वायर तुटलेली. खस खाली बसलेली, वर चार बोटं मोकळी जागा. पाण्याच्या पन्हाळीची अर्धी भोकं क्षारानं बुजलेली. म्हणजे झटका फुकटचा, वारा गरम, आणि बिल पूर्ण.

आधी कूलर थंड करतो कसा ते पाहू. आपल्या आज्या रांजणाला ओलं पोतं गुंडाळायच्या, तेच हे. पाणी वाळताना हवेतली गरमी ओढून घेतं. एक लिटर पाणी वाळलं, की हजार वॅटची शेगडी चाळीस मिनिटं चालवल्यावर जेवढी गरमी निघेल, तेवढी हवेतून कमी होते. पंखा फक्त हवा ओढतो, खरं काम पाणीच करतं. म्हणून खस जिथं कोरडी, तिथून गरम हवा तशीच आत येते.

आता काम सांगते. प्रत्येक वेळी आधी पिन काढा. बटन बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका.

पहिलं, खस दरवर्षी बदला. ताटीत सारखी पसरा आणि सुतळीनं बांधा, म्हणजे खाली बसत नाही. पन्हाळीची भोकं बाभळीच्या काट्यानं मोकळी करा. अर्धा तास चालवून, पिन काढून, ताटीवर हात फिरवा. कोरडा पट्टा लागला, की तिथलं भोक बुजलंय.

दुसरं, कूलर खिडकीबाहेर ठेवा, आणि खिडकी नि कूलरमधली फट पुठ्ठ्यानं किंवा जुन्या गोधडीनं बुजवा. मात्र समोरची खिडकी वीतभर उघडी राहू द्या. "थंडी बाहेर जाईल" म्हणून आपण दार लावून घेतो. मग खोलीत ओल साठते, अंग चिकट होतं, आणि आपण म्हणतो कूलर बिघडला. ओली हवा बाहेर गेली तरच नवी थंड हवा आत येईल.

तिसरं, दुपारचं ऊन थेट कूलरवर येत असेल तर हातभर अंतरावर तट्टा उभा करा. ताटीला चिकटवू नका, हवा अडते.

चौथं, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी होऊ द्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. खारपाणपट्ट्यातल्या माहेरवाशिणींना सांगायला नको, तिकडे क्षार लवकर बसतो, तिथं पाणी आणखी लवकर बदला. काढलेलं पाणी धुण्या-सारवण्याला वापरा. महानचं धरण आपल्याच तालुक्यात असलं, तरी उन्हाळ्यात आपल्या हंड्याची अवस्था आपल्यालाच ठाऊक.

आणि मृग लागून हवा ओली झाली, की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. ओल्या हवेत पाणी वाळत नाही.

आता फ्रिज. गटाच्या कर्जातून दूध-दह्यासाठी फ्रिज घेतलेल्या बाया इथं आहेत. फ्रिज थंडी बनवत नाही. आतली गरमी उचलून मागच्या जाळीतून घरात टाकतो. म्हणून दार उघडं ठेवून खोली थंड होत नाही, उलट तापते. तो भिंतीला चिकटवून किंवा चुलीजवळ ठेवला, तर गरमी जाईल कुठं? वीतभर पुढे ओढा. पिन काढून मागच्या जाळीची धूळ मऊ ब्रशनं झाडा. दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर ढिलं झालंय. बर्फ बोटाएवढा साचू देऊ नका, आणि तो सुरीनं खरडू नका.

हिशेब सांगते. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला, की २ युनिट. महिन्याला ६०. आपल्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, हे बिलाच्या मागे छापलेलं असतं. रात्री खोली थंड झाल्यावर दोन तास आधी बंद केला, तर महिन्याला १२ युनिट वाचतात.

पण एक काम स्वतः करू नका. अर्थिंग. ते वायरमनकडूनच तपासून घ्या, पिन तीन पायांचीच लावा. झटका लागताच वीज तोडणारं उपकरण बोर्डावर बसवता आलं तर बसवा. त्याचे पैसे खर्च नाहीत, लेकराच्या जिवाचा विमा आहे.

माझी मागणी एवढीच आहे. अक्षयतृतीयेच्या आत प्रत्येक गटानं एक रविवार ठरवावा. दहा बायांनी दहा घरच्या कूलरच्या मागे जाऊन पाहावं, आणि कुणाच्या घरी अर्थिंग नाही ते रजिस्टरमध्ये लिहावं. ज्या बाईकडे वायरमनला द्यायला पैसे नाहीत, तिला गटातून लहान कर्ज द्यावं. लग्नाला देतो, बियाण्याला देतो, तर याला काऊन नाही?

माझी लेक वाचली. दुसरीच्या लेकीच्या पायात त्या वेळी चप्पल असेलच असं नाही.