मीठ, माती आणि नागरिकाचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण, इन्सुली)



इन्सुलीपासून शिरोडा फार दूर नाही. तेथील मिठागरांवर मे 1930 मध्ये सत्याग्रह झाला. मीठ उचलणे हा त्या वेळी गुन्हा होता. लोकांनी तो उघडपणे केला, मार सोसला आणि तुरुंग पत्करला. त्याच महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर धरासण्याच्या सत्याग्रहाचे नेतृत्व अब्बास तय्यबजी यांच्याकडे आले. बडोद्याचे हे माजी न्यायाधीश तेव्हा 76 वर्षांचे होते. धरासण्याला पोहोचण्यापूर्वीच त्यांना अटक झाली. ज्यांनी जन्मभर कायदा राबविला, त्यांनीच अन्याय्य कायदा मोडण्यासाठी पुढे व्हावे, यात मोठा बोध आहे. सविनय कायदेभंग हे बेबंद माणसाचे काम नव्हे. ते कायद्याची किंमत जाणणाऱ्याचे काम आहे.

आज प्रश्न मिठाचा नाही, हवा-पाण्याचा आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने पृथ्वी तापत आहे. समुद्र तापला की वादळांना बळ मिळते आणि पाऊसही बेभरवशाचा होतो. मे 2021 मधील तौक्ते वादळाने आपल्या आंबा-काजूच्या बागांची काय दशा केली, हे आपण पाहिलेच आहे.

राजापूर तालुक्यात नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प लोकविरोधामुळे 2019 मध्ये रद्द झाला. पुढे बारसूची जागा निघाली. एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तेथील स्त्रिया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. अनेकांची धरपकड झाली. या शेतकरी बायाबापड्या होत्या, पुढारी नव्हत्या. प्रकल्पाने रोजगार येईल असे मानणारेही त्याच भागात आहेत, आणि त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. म्हणूनच सत्याग्रहात शिवीगाळ, दगड आणि अफवा यांना जागा नाही.

आता पालकांच्या मनातील भीती. पोलीस केस झाली तर मुलाच्या पासपोर्टचे काय? आखातातील नोकरीचे काय? ही भीती खोटी नाही. ज्या घराची चूल परदेशच्या पगारावर पेटते, त्याला धैर्याचे धडे देणे सोपे, पण न्याय्य नव्हे. मुलांना अटकेसाठी पुढे करा, असे मी मुळीच म्हणणार नाही.

परंतु तुरुंगाच्या अलीकडे बरीच वाट आहे. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते, तिची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो किती जण वाचतात? ग्रामसभेला किती जण बसतात? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील गावे खाणींविरुद्ध ठराव आणि याचिकांच्या मार्गाने लढली. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील 25 गावांना पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. कागद वाचणाऱ्यांचा हा विजय होय.

विद्यार्थी मित्रांनो, 2018 मध्ये स्वीडनमध्ये ग्रेटा थुनबर्ग ही 15 वर्षांची मुलगी एकटीच फलक घेऊन संसदेबाहेर बसली. तुम्ही निदान ग्रामसभेत आईवडिलांशेजारी बसा. त्यांना नकाशा दाखवा, अहवाल वाचून सांगा, प्रश्न लिहून द्या. शिक्षण केवळ नोकरीसाठी नसते. आपल्या मातीविषयी चार माणसांत निर्भयपणे आणि पुराव्यानिशी बोलता यावे, यासाठीही ते असते.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर पुढचे पाऊल प्रत्येक प्रौढाने स्वतःच्या विवेकाला विचारून टाकावे. ते उघडपणे टाकावे आणि परिणाम भोगण्याच्या तयारीने टाकावे.