छंदाला वाट हवी



वयात येणाऱ्या मुलाच्या कानात गाणे आणि हातात गोष्टीचे पुस्तक दिसले, की घरोघरी एकच प्रश्न उमटतो : अभ्यासाचे काय? प्रश्न अनाठायी नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे बहुतांश कुटुंबांचे वर्ष पावसावर अवलंबून असते, तेथे दहावी-बारावीचे गुण हाच अनेक आईवडिलांचा आधार असतो. परंतु त्या काळजीपोटी मुलाचा छंदच मुळापासून उपटला जातो, तेव्हा कुटुंब आणि समाज काय गमावतो, याचाही विचार व्हावयास हवा.

पंडित भीमसेन जोशी यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. गदगच्या एका शिक्षकाच्या घरातील या मुलाच्या कानी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका पडली आणि त्याला दुसरे काही सुचेना. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात तो घराबाहेर पडला. ग्वाल्हेर, जालंधर अशी भटकंती झाली. अखेर वडिलांनी त्याला शोधून परत आणले. घर सोडणे अनुकरणीय नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु महत्त्वाचे घडले ते पुढे. मुलाचा ध्यास मोडून काढला गेला नाही. १९३६ साली त्याला कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांचे शिष्यत्व लाभले, त्या ध्यासाला शिस्त मिळाली आणि २००८ साली देशाने त्याच गायकाला भारतरत्न दिले.

याच भीमसेनजींनी संत नामदेवांचे अभंग घरोघरी पोहोचविले. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या गावाकडे बोट दाखविते, ते नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. ज्या कीर्तनात नामदेव रंगले, ते कीर्तन घेऊन ते पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांच्या स्मृतीने पावन झालेल्या घुमान येथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. ज्या भूमीने देशाला गाणे दिले, तेथील मुलाला गाण्याचे वेड लागले, तर त्यात नवल ते काय?

पुस्तकांची कथाही अशीच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पारितोषिक मिळाले आणि मग उलगडले की, जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते टोपणनाव होते. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाला मराठीत गोष्ट सांगावीशी वाटली, आणि कितीतरी मुलांनी आकाशाकडे पाहण्याची दृष्टी त्या गोष्टींतून मिळविली. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा फास्टर फेणे घडविला, तसेच ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या. गोष्ट परदेशी आहे एवढ्यावरून बिचकण्याचे कारण नाही. उत्तम अनुवाद मराठीचे वैभवच वाढवितो.

आज या कथांचे आणि हिंगोलीचे एक विलक्षण नाते जुळते आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा नियोजित आहे. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नारळीकर ज्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक होते, ती संस्था या प्रकल्पात सहभागी आहे. अशा लहरी प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपल्या गेल्या. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून त्या उठल्या होत्या, आणि त्यांची कंपने ध्वनिरूपात ऐकता येतात. मोटारसायकलीवरून या परिसरातून जाणाऱ्या मुलाने ‘कृष्णविवर’ वाचलेली असेल, तर त्या प्रयोगशाळेकडे तो नोकरीची जागा म्हणून पाहीलच, पण आपल्या आवडत्या गोष्टीचे पुढचे प्रकरण म्हणूनही पाहील.

छंद आणि व्यसन यांतील भेद मात्र पालकांनी ओळखावयास हवा. छंद मुलाला काही करावयास लावतो. तो गायकाचे नाव शोधतो, पखवाजावर ठेका धरून पाहतो, त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक मागतो. व्यसन त्याला नुसते बसवून ठेवते. मोबाईलवर बोट फिरवीत सरलेली संध्याकाळ आणि पुस्तकात हरवलेली संध्याकाळ यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

मग करावयाचे काय? रात्रीच्या जेवणानंतर मुलाला त्याचे आवडते गाणे ऐकवावयास सांगावे आणि ते पूर्ण ऐकावे. नापसंती असल्यास ती नंतर आणि कारणासह सांगावी. त्यानंतर आपल्या आवडीचा एखादा अभंग त्याला ऐकवावा. देवाणघेवाण अशीच होते. गावोगावच्या वाचनालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे शासकीय अनुदानाचा आधार आहे. ग्रंथखरेदीची यादी करताना कार्यकर्त्यांनी गावातील चार मुलामुलींना बोलावून, तुम्हाला काय वाचावयाचे आहे, एवढे विचारावे. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याने संध्याकाळी कपाट उघडे ठेवावे.

संस्कार हा उपदेशापेक्षा सहवासातून अधिक होतो. मुलाच्या गाण्यात आणि पुस्तकात जो पालक आज सहभागी होईल, त्याचेच म्हणणे उद्या ते मूल आदराने ऐकेल.