माणसांच्या मागे उभं असलेलं गाव



वाईकर मंडळींनो, आज एक फोटो बरोबर आणला आहे. सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

मुंजीचा ग्रूप फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला वाळवीने कुरतडलेला. पुढे सतरंजीवर मुलं, मध्ये खुर्च्यांवर पागोटी आणि रुमाल घातलेली वडीलधारी मंडळी, मागे उभ्या बायका. गोटा केलेला मुंजा मधोमध, हातात पळसाचा दंड. एका पोराने ऐन वेळी मान वळवली, त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग उरलाय. आता या माणसांच्या मागे पाहा. दिंडी दरवाजा दिसतो, त्याच्यावर लाकडी सज्जा, सज्ज्याखाली त्याला पेलणारे कोरीव लाकडी हस्त. आज तो वाडा उभा नाही आणि त्याचा दुसरा एकही फोटो मला अजून मिळालेला नाही.

वाड्याचा फोटो काढायला पैसे कोण खर्च करणार? फोटोग्राफर बोलवायचा तो मुंजीला, लग्नाला, साठीशांतीला. उजेड हवा म्हणून मंडळींना दारात, अंगणात बसवायचं. वाडा आपोआप मागे यायचा. आपल्या गावाचा चित्रसंग्रह असा नकळत तयार झालेला आहे आणि तो तुमच्या घरी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, देवघराच्या भिंतीवर आहे.

ढोल्या गणपतीची मला काळजी नाही. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 साली बांधलेलं ते देऊळ येणारा प्रत्येक जण टिपून नेतो. सिनेमावाल्यांनीही आपल्या घाटांना भरपूर टिपलं आहे. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहारचं गाव झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेशातलं. ‘स्वदेस’मध्ये मेणवली चरणपूर झाली. परक्या नावांनी आपण पडद्यावर जगभर पोचलो. स्वतःच्या नावाचे आपले फोटो मात्र ट्रंकेत दमट होत पडलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काळजी वाटते ती आळ्यांची. मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही... या आळ्यांच्या सात घाटांवर पाळीपाळीने कृष्णामाईचा उत्सव होतो. मांडवात जेवायला बसलेली पंगत, पालखीपुढची माणसं, असे फोटो बहुतेक घरांत निघतील. एकाच घाटावरचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. एका फोटोत मागे कौलं, पुढच्यात पत्रा, त्यापुढच्यात स्लॅब. कोणतं घर केव्हा गेलं हे त्या पंगतीच्या मागे कळतं. नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल पाडून नवा झाला. त्या जुन्या पुलावर कठड्याला टेकून काढलेले मित्रांचे फोटो आता पुलाचेही फोटो झाले आहेत.

पण नुसता फोटो राहून भागत नाही. हे गाव कोशांचं आहे. धर्मकोश इथे घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रींच्या देखरेखीखाली विश्वकोशाचं काम इथे चाललं, 1976 साली त्याचा पहिला खंड आला. नोंद म्हणजे काय, हे वाईकराला सांगायला नको. फोटोलाही नोंद लागते: कोण, कुठे, कधी, कुणाच्या घरी मिळाला. मुंजीचा हा फोटो मी आळीतल्या एका आजींना दाखवला. नव्वदीच्या आहेत. डोळ्यांजवळ धरून त्यांनी बोट ठेवत एकेक नाव सांगितलं. हे थोरले काका, ही माझी आत्या, हा पुढे पुण्याला गेला. अकरा नावं झाली. मग डावीकडच्या टोकाच्या बाईवर बोट थांबलं. “ही आपल्याकडचीच, पण नाव आठवत नाही रे,” म्हणाल्या आणि कितीतरी वेळ बोट तिथेच ठेवून बसल्या.

कागद जपणं त्यामानाने सोपं आहे. कृष्णधवल फोटोत चांदीचे बारीक कण जिलेटिनच्या थरात बसलेले असतात. जिलेटिन म्हणजे एक प्रकारचा सरसच. पावसाळ्यात ते ओल धरतं, मऊ होतं, त्याला बुरशी लागते, फ्रेमच्या काचेला चिकटतं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी आमच्या आजोबांचा फोटो काचेवरून ओढून काढला. चेहरा काचेवर राहिला, हातात कोरा कागद आला. आजोबांचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. म्हणून हात जोडून सांगतो, चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट स्कॅन करून घ्या. ओल असलेल्या भिंतीवर फोटो टांगू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सहज सुटत असतील तर काढून साध्या कागदी पाकिटात ठेवा. त्या पानांचा गोंद फोटो पिवळे पाडतो. मागे बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घ्या. रंगीत फोटो आधी स्कॅन करा. सत्तरच्या दशकातले कितीतरी आताच तांबूस झाले आहेत, त्यांतला निळा रंग आधी उडतो. आणि मोबाइलवर फोटोचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे जतन झालं असं समजू नका. पाठवताना त्यातला बारकावा गळतो आणि मुंजीच्या फोटोतल्या त्या सज्ज्यावरची नक्षी म्हणजे बारकावाच आहे. 600 डीपीआयला स्कॅन करा, प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा.

मूळ फोटो कुणी कुणाला देऊन टाकायची गरज नाही. तो घरच्या देवघरातच शोभतो. हे फोटो गोळा करणाऱ्या आम्हाला प्रत द्या आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळचा अर्धा तास द्या.

मुंजीचा हा फोटो मोठा करून दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. डावीकडच्या टोकाला नथ घातलेली ती बाई उभी आहे, कडेवर मूल आहे. जाताना जरा थांबून पाहा. शेजारी वही आणि पेन्सिल ठेवली आहे.