हौशी कथालेखक आणि पहिली दाद

पोट दुसऱ्या कामावर आणि लेखन फावल्या वेळात, अशा माणसाला हौशी लेखक म्हणतात. मराठी कथेत ही व्याख्या भल्याभल्यांना लागू पडते. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. वामन कृष्ण चोरघडे यांनी विदर्भात अध्यापन केले. बाबुराव बागूल काही काळ रेल्वेत नोकरीला होते आणि जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते. नुसत्या कथेच्या मानधनावर संसार चालवणारे मराठी लेखक पूर्वीही थोडे होते, आजही थोडेच आहेत. मराठी कथा लिहिली जात राहिली, यात दाद आणि उत्तेजन यांचा वाटा म्हणूनच मोठा आहे.

कथालेखकाला दादेची गरज इतर कलावंतांपेक्षा अधिक भासते. गायकाला मैफिलीत आणि नटाला प्रयोगात समोरून लगेच प्रतिसाद मिळतो. कथा मात्र एकट्याने लिहिली जाते, एकट्यानेच वाचली जाते आणि या दोहोंत महिने जातात. शिवाय लेखकाला आपल्या कथेतले सारे आधीच ठाऊक असते. मनात होते ते कागदावर उतरले की मनातच राहिले, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. ‘म्हातारा शेवटी दारातूनच का परतला, ते न सांगताही कळले,’ असे एखाद्या वाचकाने म्हटले की त्या शंकेचे उत्तर मिळते. पहिल्या दादेचा आनंद मुख्यतः हाच असतो. कल्पनेतली माणसे आता आणखी एका मनात वावरू लागली, याची ती खूण असते.

ही दाद बहुधा प्रथम घरातून येते. काशीबाई कानिटकर (1861–1948) यांचे लग्न लहानपणी झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पती गोविंदराव वाचनवेडे आणि स्वतः लेखक. त्यांच्या सहवासात काशीबाई वाचू लागल्या, मग लिहू लागल्या. हरिभाऊ आपटे यांच्याशी या दांपत्याचा स्नेह होता आणि त्यात साहित्याची चर्चा मोकळेपणाने चाले. बाईने पुस्तक हाती धरले तरी नावे ठेवली जात त्या काळात काशीबाई ‘रंगराव’ या कादंबरीपर्यंत पोचल्या. घरच्या उत्तेजनाची मर्यादाही उघड आहे. घरचे वाचक लेखकाला आधीपासून ओळखतात, म्हणून त्यांच्या कौतुकात मायेचा भाग किती आणि कथेचा किती, हे कळत नाही.

ही अडचण संपादकाने दूर केली. हरिभाऊंच्या ‘करमणूक’पासून (1890) मराठी नियतकालिके कथेला जागा देत आली. या जागेतली एक महत्त्वाची जागा कारखान्याच्या वसाहतीत तयार झाली. किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले, ते कारखान्याच्या कामकाजाची माहिती देण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, पुढे ‘स्त्री’ (1930) आणि ‘मनोहर’ (1934) यांची जोड मिळाली आणि अनेक नव्या लेखकांना पहिल्यांदा छापील अक्षरांत आपले नाव दिसले. दारूगोळा कारखान्याभोवती वसलेल्या, भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरसारख्या वस्तीला हा इतिहास जवळचा वाटावा असा आहे. पाळी, भोंगा आणि सेवानिवासस्थाने यांच्या रहाटीतही कथा लिहिणारे आणि वाचणारे तयार होतात, हे किर्लोस्करवाडीने दाखवून दिले.

‘सत्यकथा’ (1933–1982) या मासिकाची रीत निराळी होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवोदितांना सविस्तर पत्रे लिहीत. कथा कुठे ढिली पडली, कोणते पात्र पुरते उभे राहिले नाही, काय पुन्हा लिहून पाहावे, असा त्या पत्रांचा सूर असे. अशा पत्रासह परत आलेली कथा वरवर पाहता नापसंत कथाच. तरीही लेखकाला त्यातून उभारी मिळे, कारण कोणी तरी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय असे पत्र लिहिता येत नाही. कौतुकाचा एकही शब्द नसतानाही उत्तेजन मिळू शकते, ते असे.

संपादकाइतकेच काम स्पर्धा करते आणि तिथे लेखकाची ओळख आड येत नाही. याचे मराठीतले बोलके उदाहरण 1974 चे आहे. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथास्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले होते. अहमदाबादच्या एका परिसंवादात एक भाषण कंटाळवाणे झाले, तेव्हा त्यांनी तिथेच कथा लिहायला घेतली. ती ‘कृष्णविवर’. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव त्यांनी घेतले. हस्ताक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून प्रत पत्नी मंगला यांच्या अक्षरात पाठवली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगविख्यात शास्त्रज्ञाला बक्षिसाचे अप्रूप का असावे? खगोलशास्त्रातल्या कीर्तीने ‘तुला कथा लिहिता येते का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. परीक्षकांपुढे जगताप म्हणून गेल्यामुळेच मिळालेली दाद निखळ कथेची होती. पुढे मुकुंदराव किर्लोस्करांनी आपल्या मासिकासाठी त्यांच्याकडून कथा मागवल्या, 1975 च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या कथाप्रकाराचे स्वागत केले आणि 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. स्पर्धेतली एक दाद संपादकाच्या मागणीपर्यंत आणि तिथून पुस्तकापर्यंत कशी पोचते, ते या क्रमात दिसते.

काही लेखकांना व्यक्तीपेक्षा मंडळाचे बळ लागते. आपले जगणे आणि आपली बोली कथेत चालेल की नाही, हीच त्यांची पहिली शंका असते. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित लेखकांच्या एका पिढीला लिहिते केले, ते ही शंका फेडून. 1923 मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने विदर्भातल्या लेखकांना पुण्या-मुंबईपलीकडचे व्यासपीठ दिले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागातल्या झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आणि झाडीबोली साहित्य मंडळाने संशोधन केले, संमेलने भरवली. धानाच्या बांधीवर बोलली जाणारी भाषा संमेलनाच्या मंचावर ऐकली की लिहिणाऱ्याची भीड चेपते. एरवी तो घरात एक भाषा बोलतो आणि कागदावर दुसरीच उसनी आणतो.

उत्तेजनाचे अपायही आहेत. सरसकट ‘वा, छान’ म्हणणाऱ्याने कथा वाचली की चाळली, हे कळत नाही. त्यामुळे सुख होते, पण ते टिकत नाही. एकदा वाखाणलेली युक्ती लेखक पुन्हापुन्हा वापरू लागतो आणि कथा साच्यात अडकते. काही जण दाद मिळेपर्यंत पुढचे पानच लिहीत नाहीत. उलट बाजूने, पहिल्याच कथेवर झोडपणारी टीका पुष्कळांचे लेखन कायमचे थांबवते. म्हणून नवख्याच्या बाबतीत क्रमाला महत्त्व आहे. कथेत जिवंत काय आहे ते आधी सांगावे, उणे काय ते नंतर.

यावरून चांगल्या उत्तेजनाची लक्षणे निश्चित करता येतात. ते नेमके असते, म्हणजे कथेतल्या एखाद्या प्रसंगावर किंवा वाक्यावर बोट ठेवते. ते वेळेवर येते. वर्षाने आलेले उत्तर बहुधा वाया जाते. ते लेखकाच्या हुद्द्याकडे किंवा नात्याकडे न पाहता कथेकडे पाहते. आणि ते पुढची कथा मागते. यांतल्या कशालाही पैसा लागत नाही. वाचनालयात महिन्यातून एकदा कथावाचन, ऐकणाऱ्या प्रत्येकाने एक आवडलेली आणि एक अडलेली जागा सांगण्याचा नेम, गणेशोत्सवात किंवा दिवाळीत नाव झाकून घेतलेली कथास्पर्धा, हस्तलिखित वार्षिक अंक, एवढ्यावर एखाद्या वसाहतीत लेखक घडू लागतात. त्यांतले बहुतेक पुढेही हौशीच राहतील. हौशी माणसाच्या लेखनाची कोणी वाट पाहत नसते. उत्तेजनाने वाट पाहणारा एक वाचक त्याला मिळतो आणि दुसरी कथा लिहायला तेवढा पुरतो.