स्टेपर मोटरसाठी ट्रान्झिस्टरचे सर्किट
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखाली आपल्या आजोबा-पणजोबांनी दारे धरली. त्या पाण्याने ऊस दिला आणि निचरा नसलेल्या रानात खारही वर आणला. आज ऊस, डाळिंब, द्राक्षे ठिबकवर आली. पण खारवट जमिनीत खत एकदम पडले की मुळ्या सोसत नाहीत. थोडे थोडे सोडावे हे सर्वांना पटते. मात्र विजेची पाळी रात्रीची असली की साप-किरडूच्या अंधारात व्हेंच्युरीचा कॉक फिरवायला कोण जाणार? मग सगळे खत एकाच वेळी जाते.

हे काम छोट्या स्टेपर मोटरकडून करून घेता येते. साधी मोटर वीज मिळाली की फिरतच राहते. स्टेपर मात्र एका इशाऱ्याला एकच पाऊल टाकते. पुष्कळ मोटरींना एका फेऱ्यात २०० पावले असतात. खताच्या नळीवरचा सुईचा व्हॉल्व्ह पाच फेऱ्यांत पूर्ण उघडत असेल, तर १००० पावले झाली. व्हॉल्व्ह दोन बोटांनी सहज फिरणारा घ्या. घट्ट कॉक या मोटरला फिरत नाही.

इशारा देणाऱ्या कंट्रोलरच्या पायातून जेमतेम २० मिलीअँपिअर प्रवाह घ्यावा. मोटरच्या एका गुंडाळीचा रोध ३० ओहम असेल, तर १२ व्होल्टला सुमारे ४०० मिलीअँपिअर लागतात. मोटर थेट जोडली तर कंट्रोलर जळेल. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर बसवायचा. तो आपल्या पाटकऱ्यासारखा आहे. पाटकऱ्याने हात हलवला की दार उघडते. कालव्याचे पाणी काही त्याच्या हातातून वाहत नाही.

सहा तारांची, १२ व्होल्टची मोटर घ्या. टीआयपी १२२ जातीचे चार ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचे चार रोध आणि वन-एन-४००७ चे चार डायोड लागतील. मोटरच्या दोन्ही मधल्या तारा एक अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोकाला जोडा. मधली तार मीटरने ओळखता येते : मधल्यापासून टोकापर्यंत जेवढा रोध, त्याच्या दुप्पट टोकापासून टोकापर्यंत असतो. उरलेल्या चार तारा एकेका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला द्या. एमिटर सगळे ऋण टोकाला. कंट्रोलरचा प्रत्येक पाय एक किलोओहमच्या रोधातून एकेका बेसला जोडा. पाच व्होल्टच्या इशाऱ्याला बेसमध्ये साडेतीन मिलीअँपिअरच्या आसपास जातात आणि या ट्रान्झिस्टरला तेवढे पुरतात. बॅटरीचे ऋण आणि कंट्रोलरचे ऋण एकमेकांना जोडायला विसरू नका. बहुतेक सर्किटे येथेच अडतात.

आता डायोड. पंप एकदम बंद पडला की पाइपातले पाणी मागे उलटून झडप कशी धाडकन आपटते, ते आपण ऐकलेले आहे. गुंडाळीतला प्रवाह तोडला की तसाच विजेचा तडाखा ट्रान्झिस्टरला बसतो. डायोड त्याला परतीची वाट देतो. त्याची पट्टीची बाजू धन टोकाला आणि दुसरी कलेक्टरला हवी. उलटा जोडला तर ट्रान्झिस्टर चालू होताच शॉर्ट होईल. डायोडचे पैसे वाचवणे म्हणजे झडपेविना पंप चालवणे आहे.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पेटी तापते, म्हणून ट्रान्झिस्टरला अॅल्युमिनियमची पट्टी लावतात. पण या ट्रान्झिस्टरची पाठ आतून कलेक्टरलाच जोडलेली असते. चारही एकाच पट्टीवर उघडे बसवले तर चारही तारा एक होतात. चार वेगळ्या पट्ट्या घ्या, नाहीतर मधे मायका आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशी घाला. पेटी खताच्या टाकीपासून दूर ठेवा. खताच्या वाफेने तांबे हिरवे पडते. पंपाच्या २३० किंवा ४४० व्होल्टच्या तारा या पेटीत आणू नका.

एका गुंडाळीचे एक टोक, मग दुसरीचे एक, मग पहिलीचे दुसरे, शेवटी दुसरीचे दुसरे, असा क्रम ठेवा. मोटर जागच्या जागी थरथरली तर क्रम चुकला आहे. पावलांत २० मिलिसेकंदांचे अंतर ठेवले तर हजार पावलांना २० सेकंद लागतात. काम झाले की चारही ट्रान्झिस्टर बंद करा. उभी मोटरही वीज खाते आणि सात अँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसाच्या आत संपवते.

आपण कोठे उभे आहोत हे स्टेपरला कळत नाही. मध्येच वीज गेली तर मोजणी पुसते. म्हणून व्हॉल्व्ह बंद होतो त्या जागी छोटा लिमिट स्विच बसवा आणि वीज आल्यावर मोटरने प्रथम तेथवर यावे अशी योजना करा. मागून येणाऱ्या पाण्यासाठी खताच्या नळीवर एकमार्गी झडप लागतेच.

पहिले आठ दिवस टाकीत नुसते पाणी ठेवा. २५० पावलांना दहा मिनिटांत किती लिटर ओढले ते मोजा, तसेच ५०० आणि ७५० ला. व्हेंच्युरीची ओढ दाबावर अवलंबून असते, तेव्हा प्लॉटचा जो व्हॉल्व्ह खत देताना उघडा असणार तोच मोजतानाही उघडा ठेवा. आलेले आकडे पेटीच्या झाकणावर आतून तेलरंगाने लिहून ठेवा.