भट्टीचा ताप आणि हवेची टाकी

(काळेवाडी येथील सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



पवनाकांठच्या ह्या काळेवाडींत आतां नांगर थोडे राहिले. कुणब्याचा पोर काय, लोहार-सुताराचा पोर काय, पिंपरी, भोसरी, चाकणच्या भट्टीपुढें उभा असतो. गेल्या वैशाखांत असाच एक गडी ओतकामावर बरळूं लागला व झोकांडी खाऊन पडला. मुकादम म्हणाला, "प्यालाय." घरचीं माणसें अंगाऱ्यासाठीं धांवलीं. तो प्यालेला नव्हता, त्याला भूतही लागलें नव्हतें; उष्माघात झाला होता.

अंगाची उष्णता सुमारें 37 अंश असते. घाम वाळतो तेव्हां अंग निवतें. जेथें वाफ कोंडते तेथें घाम वाळत नाहीं, नुसता गळतो. ताप 40 अंशांवर गेला कीं आधीं बुद्धि चळते, मग जीव जातो. अशा वेळीं माणसास सावलींत न्यावें, अंगभर गार पाणी ओतावें, वारा घालावा, दवाखान्याची गाडी बोलवावी. शुद्ध नसल्यास तोंडांत पाणी घालूं नये. नव्या गड्यास पहिल्या दिवशीं थोडेंच काम द्यावें व आठवडाभरांत वाढवावें. पण नगावर मजुरी असतां विसाव्यास बसतो कोण? आणि आमच्या बहिणी तर संडास नाहीं म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहींत!

दुसरा वैरी दाब. कुकरची शिटी तुंबली तर काय होतें, हें बायांना सांगावयास नको. हवेची टाकी व बॉयलर हे त्याचेच थोरले भाऊ. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सोळाशें पटींहून अधिक जागा मागते. सेफ्टी व्हॉल्व्हला तार बांधणारा मिस्त्री आम्हीं पाहिला आहे. खंडेनवमीस त्यानेंच टाकीला हार-लिंबू वाहिलें! दाबाच्या हवेनें अंगावरची धूळ झाडूं नका. थट्टेनेंही कोणाच्या अंगाला नळी लावूं नका, आंतडीं फुटतात.

1948 च्या कारखाने-कायद्याच्या 13 व्या कलमांत खेळत्या हवेची व 31 व्यांत दाबाची मर्यादा पाळण्याची सक्ती होती. कागद आपल्या बाजूचा होता, मागणारा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यांत दुपारचा अर्ध्या तासाचा विसावाही मागितला होता. रविवारची सुटी मिळावयास 1890 चा जून उजाडला.

अर्ज लिहितां येत नसेल त्यानें संध्याकाळीं शाळेंत यावें. आम्ही लिहून देऊं. सह्या मात्र तुम्हीं करावयाच्या.